सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानाने नेमके किती किलोमीटर?

चांगी ते जेएफके हे सरळ अंतर सुमारे 15,349 किलोमीटर, म्हणजे 9,537 मैल किंवा 8,288 सागरी मैल आहे. दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग काढला की हा आकडा येतो. इथे पडताळा सोपा आहे: दोघांच्या रेखांशांत जवळपास 178 अंशांचा फरक आहे, त्यामुळे ही रेषा उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते. चांगी ते ध्रुव 88.6 अंश, ध्रुव ते जेएफके 49.4 अंश, एकूण 138; एका अंशाला 111.2 किमी धरले की 15,345 च्या आसपास येते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मात्र मोजू नका, उत्तर भलतेच येईल.

विमान नेमके एवढेच उडत नाही. न्यूयॉर्ककडे जाताना ते बहुधा पॅसिफिकवरून, पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे वारे पाठीशी घेत जाते. तेव्हा अंतर हजारेक किलोमीटरने वाढू शकते, पण इंधन आणि वेळ वाचतो. प्रवासाला साधारण साडेअठरा ते एकोणीस तास धरा. तिकिटावर किंवा ॲपमध्ये ‘मैल’ दिसले तर ते साधे की सागरी हे आधी बघा, गल्लत तिथेच होते.