आवाज फुटतोय आणि नाटकात पदं गायचीत, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नववीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘संगीत सौभद्र’चा प्रवेश, वाट्याला कृष्ण, आणि नेमका आत्ताच आवाज फुटायला लागलाय.

पहिलं काम, बाईंना सांगून पेटीवरचा स्वर बदलून घ्या. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब होतात आणि आवाज जवळपास एक सप्तक खाली येतो. गेल्या वर्षी काळी चारमध्ये (म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) गाणारा पोरगा यंदा त्याच पट्टीत तारसप्तकाला, वरच्या सुरांना गेला की चिरकणारच. काळी एक, दोन, जिथं सहज बसेल तिथं बसवा. पट्टी उतरवली म्हणून पदाचा रुबाब कमी होत नाही ओ.

रोजच्या तालमीत पूर्ण गळा लावू नका. निम्म्या आवाजात शब्द, ताल आणि हालचाल पक्की करायची. मोकळं गाणं रंगीत तालमीला. माझ्या भाच्यानं सलग चार दिवस ओरडून तालीम केली आणि ऐन दिवशी घशातून नुसती हवा! वर आदल्या रात्री तांबडा रस्सा ओरपलेला. पित्त वर आलं की घसा बसतो, त्यामुळं आठवडाभर पोळीभाजीवर भागवा.

आपल्या कोल्हापूरच्या गायक-नट केशवराव भोसल्यांनी लहानपणीच ‘संगीत शारदा’ नाटकातली शारदा गाजवली होती, तेव्हा वय लहान म्हणून घाबरू नका. पण दोन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला किंवा गाताना दुखलं, तर सरळ कान-नाक-घसावाल्यांना दाखवा.