तो खोलीत अंधार करून का बसतो

सप्रेम नमस्कार.

डॅलसजवळच्या उपनगरातून आलेलं तुमचं तीन पानी पत्र मी दोनदा वाचलं. मुलगा अकरावीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य संघात रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी. त्याची 40 यार्डांची वेळ, या मोसमातले टचडाउन, कोणत्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांचे ईमेल आले, सगळं तपशीलवार आहे. एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक फुटबॉल लीग, गाठायची तर पुढची दोन वर्षं कशी आखावीत आणि आळशी झालेल्या पोराला वळणावर कसं आणावं, हे तुम्ही विचारलंत.

मी तिसऱ्या पानावरच्या एका ओळीपाशी थांबले. ऑक्टोबरच्या सामन्यात त्याच्या डोक्याला दणका बसला, घरी आल्यावर उलटी झाली, आणि पुढच्या शुक्रवारी कॉलेजचे लोक बघायला येणार म्हणून 'प्रशिक्षकांना सांगू नकोस' असं तुम्ही त्याला बजावलंत. तिच्याच खाली आळसाच्या तक्रारी आहेत: खोलीत अंधार करून पडतो, दिवा लावला की चिडतो, गणित डोक्यात शिरत नाही म्हणतो, ए श्रेणी मिळवणारा मुलगा सहा आठवड्यांत सी श्रेणीवर आला.

अहो, याला आळस म्हणू नका. उजेड सहन न होणं, चिडचिड, लक्ष न लागणं ही कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याची, नेहमीची लक्षणं आहेत. निदान डॉक्टर करतील, ते माझं काम नाही. पण पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. क्वचित घडतं, पण घडतं, आणि तरुण खेळाडूंच्या बाबतीतच जास्त. टेक्सासमध्ये 2011 पासून कायदा आहे: कन्कशनचा संशय आला की खेळाडूला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. तुमच्या त्या एका वाक्यानं हे सगळं संरक्षण तुम्ही त्याच्यापासून काढून घेतलंत.

तुम्ही सांगलीत कबड्डी खेळायचात, चढाई उत्तम करायचात आणि बारावीला वडिलांनी खेळ बंद पाडला, हेही पत्रात आहे. ते दुःख खरं आहे. वीस-पंचवीस वर्षांनीही तुमच्या अक्षरांत ते दिसतं. आपल्या मुलाला आपण अडवायचं नाही, असं तुम्ही तेव्हाच ठरवलं असणार. पण वडिलांनी तुम्हाला विचारलं नव्हतं, आणि तुम्हीही त्याला विचारलेलं नाही. तीन पानांत त्याच्या तोंडचं एकच वाक्य आहे: 'बाबा, डोकं दुखतंय.'

चढाईपटू आहात म्हणून सांगते. चढाईला गेलेला गडी हात लावून मध्यरेषेकडे परततो. रनिंग बॅकला परतायचं नसतं. चेंडू घेऊन समोरच्या फळीतच घुसायचं, आणि त्याची बहुतेक धाव कुणीतरी अंगावर येऊन पाडलं की संपते.

'चार-पाच वर्षं खेळला तरी जन्माची कमाई होते' हा तुमचा समज मात्र मला खोडून काढायचा आहे. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जाता येत नाही. कॉलेजात खेळणाऱ्या 100 जणांतले दोघंही तिथे पोहोचत नाहीत. निवड झालीच तर पहिला करार चार वर्षांचा, त्यातली रक्कम निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेली, आणि तिसरा मोसम संपेपर्यंत वाढवून मागायची सोय नाही. रनिंग बॅकचे पाय सगळ्यात ताजे असतात ती हीच वर्षं. खरा पैसा दुसऱ्या करारात असतो, आणि नेमका तिथेच संघ हात आखडतात. 2023मध्ये सॅकॉन बार्कली आणि जॉश जेकब्स या अव्वल खेळाडूंनाही त्यांच्या संघांनी दीर्घ करार न देता एका वर्षावर ठेवलं. बार्कली पुढच्याच मोसमात फिलाडेल्फियाकडून 2005 यार्ड धावला, हे खरं. पण टॉड गर्लीही बघा. 2017चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू, 2018मध्ये चार वर्षांसाठी जवळपास 6 कोटी डॉलरचा करार, 2020च्या मार्चमध्ये संघानं सोडलं, आणि त्याच वर्षी, वयाच्या 26व्या वर्षी, शेवटचा मोसम. त्याला पैसा मिळाला, पण तो पहिल्या फेरीत दहावा निवडला गेलेला गर्ली होता. तुमचा हिशेब त्याच्या आकड्यांवर बांधू नका.

एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा, कॉलेजचे अर्ज, फिजिकल थेरपीसारखे खेळाला धरून असलेले मार्ग यांवर नंतर सविस्तर बोलू. एवढं लक्षात असू द्या की डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, खेळायलाही ठरावीक 16 विषय लागतात, आणि त्यांतले 10 बारावी सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात. घसरलेले हे गुण त्याच हिशेबात धरले जाणार आहेत. डॉक्टरांनी कन्कशन म्हटलं तर शाळेशी बोला. बरं होईपर्यंत अभ्यासाचं ओझं हलकं करून मागता येतं.

त्याच्याशी बोलताना 'मी तुला लपवायला सांगितलं, ती माझी चूक होती' हे आधी तुम्ही म्हणा. तो खेळणार की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि त्याचं उत्तर त्यानं द्यायचं. त्याला स्वतः मला काही लिहायचं असेल तर जरूर लिहू दे. तुम्ही न वाचता पाठवा.

येत्या शुक्रवारी प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सामना आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या आणि प्रशिक्षकांना आजच फोन करून ऑक्टोबरचं सगळं सांगा. शुक्रवारी तो मैदानात उतरता कामा नये.