वाचक विचारतात: सोलापुरात पाहुणे येणार आहेत

प्रश्न: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून सहा पाहुणे येताहेत, दोन रात्री मुक्काम. त्यांत मावससासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. सगळ्यांना अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर तिन्ही करायचंय. कसं बसवावं? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: तिन्ही बसवू नका. नकाशावर ही गावं जवळ दिसतात, पण तीन दिशांना आहेत. अक्कलकोट साधारण ४०, तुळजापूर ४५ आणि पंढरपूर ७० किलोमीटरवर. प्रत्येक वेळी सोलापूरला परतून पुन्हा निघावं लागतं. वर दर्शनाच्या रांगा. दोन दिवस गाडीतच जातात आणि सोलापूर बघायचं राहून जातं.

तुमच्या मंडळींसाठी अक्कलकोट निवडा, फक्त गुरुवार टाळा. सकाळी साडेसहाला निघालात तर दर्शन आणि अन्नछत्रातला प्रसाद घेऊन दुपारी आरामात घरी याल. तुळजापूरला महाद्वारातून आत गेल्यावर बऱ्याच पायऱ्या उतरून मंदिरात जायचं आणि तेवढ्याच चढून यायचं असतं. मावससासूबाईंना ते जड जाईल. तरुण मंडळींना जायचंच असेल तर तुळजापूर करून नळदुर्गला उतरा आणि हैदराबाद रस्त्याने परत या. रस्ता त्रिकोणात होतो, उलटं यावं लागत नाही. नळदुर्गचा पाणीमहाल म्हणजे बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला महाल. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळचं हे काम आहे. मात्र नर-मादी धबधब्यांचं आश्वासन देऊ नका. ते पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी आलं तरच पडतात, डिसेंबरात दगडच दिसतात. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला तुळजापुरात गर्दी असते, तेही पाहून ठेवा.

गावातला भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर मंदिर एकाच फेरीत होतात. ऊन चढायच्या आत किल्ला पाहा, मग तळ्यातल्या मंदिरात जा. इतिहासाची आवड असलेलं कोणी असेल तर दुसऱ्या दिवशी हत्तरसंग कुडलला न्याच. तिथे भीमा-सीनेचा संगम आहे, ३५९ मुखांचं शिवलिंग आहे आणि शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. लेख मंडपातल्या तुळईवर आहे, बॅटरी न्या. आडव्या उजेडात अक्षरं उठून दिसतात, समोरून उजेड टाकला तर सपाट होतात.

प्रश्न: पाहुण्यांना हुरडा खाऊ घालायचा आहे, पण शेतावर जायला वेळ नाही. शिवाय त्यांना तिखट सोसत नाही. (एक वाचक, होटगी रस्ता)

उत्तर: हुरड्याचा काळ म्हणजे डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात. दाणा दुधाळ असून बोटाने दाबला की रस निघावा, पण पाणी होऊ नये. फार कोवळा असेल तर चोळताना तळहाताला चिकटून लगदा होतो, निबर झाला तर भाजूनही कचकच लागतो. गूळभेंडी किंवा सुरती जातीची ज्वारी मिळाली तर तीच मागा, चवीला गोड असतात.

कणसं मिळाली तर अंगणात गोवऱ्यांची आगटी करा. ज्वाळा असताना कणीस ठेवलं तर वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं. निखारे राखेने झाकले गेले की मग कणसं आत सरकवा, तीन-चार मिनिटं फिरवत राहा. गरम असतानाच चोळा, सुपात पाखडा आणि लगेच वाढा. थंड झाला की चिवट होतो. मोकळा हुरडा आणला असेल तर लोखंडी तव्यावर पाण्याचा एक हबका आणि चिमूटभर मीठ टाकून मध्यम आचेवर परता. माणशी दीडशे-दोनशे ग्रॅम पुरतो, कारण सोबत गूळ, दही आणि शेंगाचटणी असते. नंतर ताक द्या.

तिखटासाठी उपाय सोपा आहे. शेंगाचटणी दह्यात कालवून द्या. मटणाचा बेत असेल तर अळणी, म्हणजे तिखट घालण्याआधीचं मटणाचं पाणी, वेगळी काढून ठेवा, म्हणजे ज्यांना लाल रस्सा चालत नाही त्यांना भाताबरोबर वाढता येते. सोलापूरचा रस्सा अंगावर आल्यावर पाणी पाजून उपयोग होत नाही.

प्रश्न: गेल्या वर्षी पाहुण्यांबरोबर दिलेली कडक भाकरी मऊ पडली आणि चटणीला वास आला. चूक कुठे झाली? (एक वाचिका, पूर्व भाग)

उत्तर: दोन्हीकडे दोष ओलाव्याचा. कडक भाकरी पूर्ण गार झाल्यावरच भरा, गरम भरली की आत वाफ धरते. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, तळाशी कागद घाला. तरीही मऊ पडली तर मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन मिनिटं ठेवा, पुन्हा कुरकुरीत होते.

चटणी पाव किलो शेंगदाण्यांची करायची तर पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, एक चमचा जिरे आणि चवीप्रमाणे मीठ लागतं. दाणे खमंग भाजून, साल काढून उखळात कुटा. दाण्याचंच तेल सुटतं, वरून घालू नका. मिक्सर वापरायचा तर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवला की भांडं तापतं आणि लगदा होतो. ओल्या चमच्याने भरलेली चटणी आठवड्यात बिघडते. बाटली उन्हात तापवून, गार करून भरा.

सोलापुरी चादरही देणार असाल तर कापसाचीच घ्या. थेंबभर पाणी सोडून पाहा, सुती कापड ते लगेच शोषतं. खरी चादर दोन्ही बाजूंनी नक्षीदार असते, फक्त रंग उलटे होतात. पाहुण्यांना सांगून ठेवा, पहिली धुलाई वेगळी आणि थंड पाण्यात करायची. ओली झाल्यावर ती फार जड होते, म्हणून लहान मशीनमध्ये एका वेळी एकच टाकायची.