मोबाइल टीव्हीला जोडल्यावर चित्र अडखळते किंवा काळे दिसते, ते का?

आपण निपाणीहून विचारले आहे की, नव्या स्मार्ट टीव्हीवर मोबाइलचा पडदा घेतला असता यूट्यूब अडखळते, चित्रपटांच्या एका ॲपमध्ये आवाज येतो पण चित्र काळे राहते, आणि घरातल्या आयफोनला तर टीव्ही सापडतच नाही. मी बेळगावचा. आमच्या घरीही वर्षभर हेच चालले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

मिररिंग आणि कास्टिंग या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो, तिथेच घोटाळा होतो. मिररिंगमध्ये सगळी मेहनत मोबाइलची असते. पडद्यावर जे दिसते त्याचा तो क्षणोक्षणी व्हिडिओ तयार करतो आणि वायफायवरून टीव्हीकडे पाठवतो, त्यामुळे तो तापतो, बॅटरी भराभर उतरते आणि चित्र मागे पडते. कास्टिंगमध्ये मोबाइल टीव्हीला केवळ पत्ता सांगतो. व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो आणि मोबाइल रिमोटपुरता उरतो. यूट्यूबसाठी म्हणूनच मिररिंग करूच नये. ॲपमध्ये वरच्या बाजूला चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यात लहरी असे चिन्ह असते, ते दाबावे. मात्र मोबाइल आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले नेटवर्क बहुधा चालत नाही. तरीही जुळले नाही, तर यूट्यूबच्या टीव्हीवरील सेटिंगमध्ये मिळणारा कोड मोबाइलमध्ये घालता येतो.

काळ्या चित्राबाबत टीव्हीला दोष देऊ नये. चित्रपटांची ॲप्स नक्कल होऊ नये म्हणून चित्राला संरक्षण लावतात, आणि मिररिंग त्यांच्या दृष्टीने नक्कलच ठरते. तेच ॲप टीव्हीवर उतरवून घेणे हा सरळ मार्ग आहे.

लग्नाचे फोटो, मुलांच्या अभ्यासाची कागदपत्रे किंवा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेले कीर्तन यांसाठी मात्र मिररिंगच बरे पडते. अँड्रॉइडवर ते बहुधा मिराकास्ट या पद्धतीने होते. २०१२ साली आलेल्या या पद्धतीत मोबाइल आणि टीव्ही थेट एकमेकांशी वायफायने बोलतात, त्यामुळे राउटर किंवा इंटरनेट नसले तरी चालते. खानापूर तालुक्यातील माझ्या सासुरवाडीत पावसाळ्यात नेटवर्क जाते, तेव्हा याचाच आधार असतो. सॅमसंगच्या मोबाइलमध्ये त्याला स्मार्ट व्ह्यू म्हणतात, इतरांनी आपापली नावे दिली आहेत. गूगलच्या पिक्सेल मोबाइलमध्ये मिराकास्ट नाही. आयफोनलाही मिराकास्ट येत नाही, त्याला ॲपलची स्वतःची एअरप्ले ही पद्धत लागते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते नाव नसेल, तर आयफोनवरून मिररिंग थेट होणार नाही, पण यूट्यूबचे कास्टिंग होईल.

मिररिंग तुटत असेल, तर मोबाइल टीव्हीजवळ आणून पाहावा. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचे वायफाय लवकर क्षीण होते, २.४ गिगाहर्ट्झचे लांब पोचते, पण त्यावर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते. दुकानदाराने टीव्हीची भाषा कन्नड ठेवली असेल आणि आपल्याला ती वाचता येत नसेल, तर आधी ती बदलून घ्यावी. मी अंदाजाने बटणे दाबत एकदा सगळे चॅनेल पुसून टाकले होते.

केबलने जोडायचे ठरवले, तर खरेदीपूर्वी एक गोष्ट पाहावी. टाइप-सी खाच दिसली म्हणजे तिच्यातून चित्र बाहेर येतेच असे नाही; मोबाइलला डिस्प्लेपोर्टची, म्हणजे त्या खाचेतून चित्र बाहेर पाठवण्याची, सोय असावी लागते आणि स्वस्त मोबाइलांत ती सहसा नसते. मी हे न पाहता खडेबाजारातून एचडीएमआयचा ॲडॉप्टर आणला. तो निर्दोष आहे, पण माझ्या मोबाइलला निरुपयोगी असल्याने अजून कपाटातच आहे.