गाबा दिल्यावर करंट आत का वळतो, आणि गॅट-१ रोखूनही मिनी का बदलत नाहीत?

प्रश्न थोडक्यात: पाषाणच्या एका लॅबमधली विद्यार्थिनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या स्लाइसवर होल-सेल पॅच करते, म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीला चिकटवून, तिथला पडदा फोडून करंट मोजते. पेशी -७० मिलिव्होल्टला धरून गाबा (चेतापेशींना सहसा शांत करणारं रसायन) दिला की करंट आत येतो, मग गाबा पेशीला शांत करतो की चेतवतो? दुसरं, गाबा परत उचलणाऱ्या गॅट-१ प्रथिनाला रोखणारं एनओ-७११ हे औषध घालूनही मिनी आयपीएससी (गाबामुळे आपोआप येणारे छोटे करंट) तसेच राहिले, म्हणजे औषध खराब आहे का?

औषध बहुधा ठीक आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पिपेटमध्ये आहे. गाबा-ए रिसेप्टर उघडतो तो क्लोराइडसाठी. क्लोराइड कुठल्या दिशेने जाणार हे आतबाहेरच्या प्रमाणावर ठरतं. होल-सेलमध्ये आतलं प्रमाण पेशीच्या हातात राहत नाही, काही मिनिटांत पिपेटचं द्रावण आत पसरतं. तुम्ही लिहिलेल्या द्रावणात केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) १४० आणि मॅग्नेशियम क्लोराइड २ मिलिमोलर आहे, म्हणजे क्लोराइड १४४. बाहेरच्या एसीएसएफमध्ये (स्लाइस ज्यात ठेवतात त्या कृत्रिम मेंदूद्रवात) साधारण १३३. तेव्हा क्लोराइडचा समतोल (ज्या विभवाला त्याची निव्वळ ये-जा थांबते) शून्य मिलिव्होल्टच्या जवळ येतो, आणि -७० ला क्लोराइड पेशीतून बाहेर पडतो. ऋण आयन बाहेर गेला की यंत्रावर तो आत येणारा करंट दिसतो. मिनी मोजायला हे द्रावण उत्तमच, कारण सिग्नल मोठा मिळतो. पण त्यावरून पेशी खरोखर चेतते की दबते, हे कळणार नाही.

मग पोटॅशियम ग्लुकोनेट १३५, केसीएल ४, मॅग्नेशियम क्लोराइड २ असं द्रावण घेऊन पाहा. क्लोराइड मोजताना मॅग्नेशियम क्लोराइडचे दोन धरायचे, हे हमखास विसरलं जातं: ४ अधिक ४, एकूण ८. ३३ अंशांना समतोल -७४ च्या आसपास येतो. इथे आणखी एक खाच आहे. ग्लुकोनेटमुळे द्रव-संधीचा (पिपेटचं आणि बाहेरचं द्रावण भेटतात तिथला) विभव सुमारे १४ मिलिव्होल्ट येतो, आणि तो वजा केला नसेल तर संगणकाच्या पडद्यावरचे -७० म्हणजे खरे -८४. अशा वेळी कमी क्लोराइड असूनही करंट आतच येतो, आणि माणूस द्रावण चुकलं समजून पुन्हा बनवत बसतो. संगणकाच्या पडद्यावर -६० च्या जवळ करंट उलटताना दिसेल. बायकार्बोनेटही याच मार्गाने थोडा जातो, त्यामुळे गाबाचा उलट-बिंदू (जिथे करंटची दिशा उलटते तो विभव) क्लोराइडच्या गणितापेक्षा काही मिलिव्होल्ट धन बाजूला सरकतो.

पेशीचा स्वतःचा क्लोराइड जाणायचा असेल तर ग्रॅमिसिडिन परफोरेटेड पॅच करा, म्हणजे पडदा न फोडता त्यात ग्रॅमिसिडिनने बारीक छिद्रं पाडा. ग्रॅमिसिडिनच्या छिद्रांतून एकसंयुजी धन आयन जातात, क्लोराइड जात नाही. पिपेटमध्ये मुद्दाम भरपूर केसीएल ठेवा: पेशीचा पडदा फाटला तर उलट-बिंदू एकदम शून्याकडे उडी मारतो आणि ती नोंद टाकून देता येते. उंदराचं वयही लिहून ठेवा. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात एनकेसीसी१ हा वाहक क्लोराइड आत भरत असतो आणि तो बाहेर काढणारा केसीसी२ अजून कमी असतो. त्या वयात गाबाने पेशीचा विभव धन बाजूला जाणं नैसर्गिकच आहे.

आता एनओ-७११. मिनी आयपीएससी म्हणजे एका पुटिकेतला गाबा. तो फटीतून मिलिसेकंदाच्या आत विसरित होऊन पांगतो. करंट त्यानंतरही टिकतो तो रिसेप्टरच्या स्वतःच्या वेगामुळे. त्यामुळे गॅट-१ रोखला तरी मिनीचा उतार जवळपास तोच राहतो. परिणाम पाहायचा तर जवळजवळचे अनेक अक्षतंतू एकाच वेळी उद्दीपित करावे लागतात, किंवा लागोपाठ उद्दीपनांची छोटी मालिका द्यावी लागते. मग साचलेला गाबा शेजारी पसरतो, आयपीएससीची शेपटी लांबते आणि पोटॅशियम वाहिन्या उघडणारे गाबा-बी रिसेप्टरही जागे होतात. गाबा-बी पाहताना सिझियमचं द्रावण वापरू नका, सिझियम पोटॅशियम वाहिन्या बंद करतो. आणि गाबा-बी जी-प्रथिनांतून काम करतो, म्हणून पिपेटमध्ये जीटीपी हवाच.

गॅट-१ गाबा आत ओढतो तो सोडियमच्या उतारावर, सोबत क्लोराइड घेऊन, आणि हे काम तापमानाला फार संवेदनशील आहे. पुण्यात ‘खोलीचं तापमान’ लिहून भागत नाही: एप्रिलची दुपार आणि डिसेंबरची सकाळ यांत ग्रहणाचा वेग वेगळाच असतो. हीटर लावून ३२ ते ३४ अंश कायम ठेवा, आणि मोजमाप बाटलीत न घेता स्लाइसजवळ घ्या. ॲस्ट्रोसाइटमध्ये मुख्यतः गॅट-३ असतो. एनओ-७११ त्याला फारसं धरत नाही, म्हणून काही गाबा उचलला जाणारच.

टॉनिक करंटही (आजूबाजूला सतत असणाऱ्या गाबामुळे वाहणारा) तपासा. एनओ-७११ १० मायक्रोमोलर देऊन होल्डिंग करंट (पेशी ठरलेल्या विभवाला धरायला लागणारा) स्थिर होऊ द्या, मग गाबा-ए रोखणारं पिक्रोटॉक्सिन १०० मायक्रोमोलर घालून तो किती सरकतो ते पाहा. अर्धा मायक्रोमोलर गाबाझीन (हाही गाबा-एचा रोधक) मिनी बंद करेल, पण टॉनिक बराचसा तसाच ठेवेल. पिक्रोटॉक्सिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेव्हा साठ्याचं द्रावण डीएमएसओत करा. आणि ते धुऊन निघायला फार वेळ घेतं, म्हणून शेवटी द्या आणि पुढच्या पेशीसाठी नवी स्लाइस घ्या.