गाता येत नाही, भाषा येत नाही: टोकियो, सोल, तैपेईत कराओकेची रात्र मजेत कशी घालवावी?

तुम्ही विचारलंय की चौघे मित्र टोकियो, सोल आणि तैपेईला निघाला आहात, चौघांपैकी तिघांना गाता येत नाही, तिथल्या भाषा कुणालाच येत नाहीत, मग कराओकेवर एक संध्याकाळ घालवावी का. मी म्हणेन, प्रत्येक शहरात एक घालवा. मी टोकियोत निशी-कासाईला राहतो, नोकरीमुळे सोल आणि तैपेईलाही जाणं होतं, आणि इथली माणसं मला खरी ओळखीची झाली ती या खोल्यांमध्येच.

खोल्या म्हणतोय, कारण पुण्या-मुंबईत कराओके नाइट म्हणजे पबमधला एक माइक आणि समोर सगळं अनोळखी पब्लिक. इथे काउंटरवर किती जण ते सांगायचं, तुमची खोली मिळते, दार लावलं की आत फक्त तुम्ही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात जपानच्या ओकायामा भागात जुन्या मालवाहू कंटेनरमध्ये अशा खोल्या निघाल्या आणि बघता बघता सगळीकडे पसरल्या. चारचौघांत बेसूर होण्याची निम्मी भीती इथेच संपते.

उरलेली निम्मी यंत्र घालवतं. कराओकेचं यंत्र बनवणारे दाइसुके इनोउए आधी जपानमधल्या कोबेच्या बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला वाद्यावर साथ करायचे. एका कंपनीच्या मालकाला सहलीत त्यांची साथ हवी होती. त्यांना जाणं जमेना, म्हणून त्यांनी त्या मालकाच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून कल्पना सुचली आणि १९७१ मध्ये त्यांनी ११ यंत्रं बनवून बारना भाड्याने दिली. पेटंट घेतलंच नाही. त्याआधी १९६७ मध्ये टोकियोत शिगेइची नेगिशी यांनीही असं यंत्र केलं होतं, पण मला ही टेपची हकीकत फार आवडते, कारण त्यात सगळं मर्म आहे: साथ गाणाऱ्याला सांभाळून घेते. म्हणून खोलीत गाणं निवडायला जो टॅब्लेट असतो, त्यावरची बटणं बिनधास्त वापरा. गाणं वर जात असेल तर पट्टी दोन-तीन घरं खाली आणा. चाल नीट आठवत नसेल तर मूळ आवाजाची मदत देणारं बटण असतं, ते लावा. याची कुणी लाज बाळगत नाही, सवयीचे लोकसुद्धा पहिल्या कडव्यात पट्टी बदलतात.

टोकियोत बिग एको, कराओके कान, मानेकिनेको अशा साखळ्या प्रत्येक मोठ्या स्टेशनाबाहेर दिसतील. भाव माणशी, अर्ध्या तासाच्या हिशेबाने. वर बहुतेक ठिकाणी माणशी एक पेय घ्यावंच लागतं, किंवा हवं तेवढं प्या असा वेगळा दर असतो. दुपारी अगदी स्वस्त, संध्याकाळनंतर महाग, शुक्रवार-शनिवारी रात्री सर्वांत महाग. टॅब्लेटवर इंग्रजी भाषा निवडता येते. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी भिंतीवरचा फोन वाजतो, वाढवायचं की निघायचं ते तेव्हा सांगायचं. शेवटची गाडी साडेबारा-एकच्या सुमारास जाते आणि पहिली पाचच्या आसपास, शिवाय रात्री १० नंतर टॅक्सीला २० टक्के जास्त पडतात. म्हणून रात्रभराचं ‘फ्री टाइम’ पॅकेज घेऊन पहाटेपर्यंत बसणारे खूप. चारच्या सुमाराला एक जण गात असतो आणि बाकीचे सोफ्यावर आडवे.

हिंदी-मराठी गाणी यंत्रात मिळतील असं धरून जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी काउंटरवर एचडीएमआय केबल मागता येते. ती फोनला जोडा आणि यूट्यूबवरचे कराओके ट्रॅक टीव्हीवर लावा. फोनला लागणारं अडॅप्टर मात्र आपलं न्या. आम्ही एकदा ऑफिसच्या मंडळींसमोर लावणीचा ट्रॅक लावला. हिशेब विभागातले एक गृहस्थ, दिवसभरात चार वाक्यं बोलले तर पुष्कळ, त्यांनी कोपऱ्यातला टँबरीन उचलला, एक आवर्तन नुसतं मान हलवत ऐकलं आणि दुसऱ्याला अचूक ठेका धरला. मग स्वतःची पाळी आली तेव्हा उभे राहून, डोळे मिटून एन्का गायले, म्हणजे इथली जुनी, विरहाची, आवाजाला हेलकावे देत म्हणायची गाणी. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये भेटलो की ते आपणहून बोलतात.

तुमच्यातल्या न गाणाऱ्या तिघांना हेच सांगा. अशा बैठकीत गाण्याच्या भेंड्यांसारखा सगळ्यांचा सहभाग हवा. एकाने एकच गाणं लावायचं, मग पुढच्याची पाळी. ओळीने चार गाणी लावून ठेवणारा माणूस बैठक मारतो. दुसऱ्याचं गाणं मध्येच तोडायचं नाही, मधल्या वाद्यमेळात टाळ्या द्यायच्या, आणि गाणं संपल्यावर फोनमधून मान वर काढायची. स्थानिक कुणी सोबत असतील तर सगळ्यांना ठाऊक असलेलं जुनं इंग्रजी गाणं आधी घ्या. सात मिनिटांचं संथ गाणं मध्यरात्रीनंतर.

सोलमध्ये याला नोरेबांग म्हणतात. तिथे भाव माणशी नसून खोलीचा, तासावर, त्यामुळे चौघांना परवडतो. गर्दी नसेल तर मालक आपणहून फुकट मिनिटं वाढवून देतो. पडद्यावरचे आकडे अचानक वाढले की सगळे ओरडतात, तो क्षण चुकवू नका. गाणं संपलं की यंत्र गुण देतं, ते फार मनावर घ्यायचे नाहीत. साध्या नोरेबांगला दारू विकायची परवानगी नसते, तेव्हा जेवण-पिणं आधी उरकून जा. होंगदे भागात कॉइन नोरेबांगही भरपूर आहेत: दोघं-तिघं मावतील एवढी केबिन, हजार वॉनची नोट घातली की मोजकी गाणी. तुमच्यातला जो सगळ्यांत लाजतो त्याला आधी तिथे एकट्याला पाठवा. एकट्याने गायला जाणं तिथे अगदी नेहमीचं आहे.

तैपेईत केटीव्ही म्हणतात आणि तिथे खाणं गाण्याइतकंच महत्त्वाचं. कॅशबॉक्स पार्टीवर्ल्ड किंवा हॉलिडे यांच्या इमारती हॉटेलासारख्या, खाली लॉबी, वर मजल्यांवर खोल्या. बीफ नूडल सूप तिथे आवर्जून मागवतात. तुम्ही खात नसाल तर शाकाहारी काय आहे ते आधीच विचारून घ्या. किमान खर्चाची अट आणि १० टक्के सेवाशुल्क बिलात धरा, आणि शनिवार-रविवारी बुकिंग केल्याशिवाय जाऊ नका.

एक सावधगिरी मात्र नक्की बाळगा. टोकियोच्या शिंजुकू भागातल्या काबुकिचो या बार-क्लबांच्या वस्तीत रस्त्यावर कुणी गोड बोलून ‘स्वस्त जागा दाखवतो’ म्हणाला तर त्याच्या मागे जाऊ नका. अवाच्या सवा बिलाचे प्रकार तिथे होतात आणि रस्त्यावर तसे इशारेही देत असतात. साखळीतल्या दुकानात स्वतः चालत जा, दरपत्रक बघा, आणि किती तासांसाठी घेताय ते काउंटरवरच पक्कं करा.