वाचकांचे प्रश्न : माजी सैनिक संघटनेचा सभासद कोण?

प्रश्न : मी भूदलात शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर दहा वर्षे अधिकारी होते. मुदत संपल्यावर ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडले. निवृत्तिवेतन मिळत नाही. आमच्या भागातील माजी सैनिक संघटनेने ‘पेन्शन नसेल तर सभासदत्व नाही’ असे सांगितले. हे योग्य आहे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : सरकारी व्याख्येच्या दृष्टीने हे योग्य नाही. केंद्र सरकारच्या 1979 च्या नियमांत माजी सैनिकाची व्याख्या दिलेली आहे आणि तिच्यात निवृत्तिवेतन हा एकमेव निकष नाही. ठरलेली मुदत पूर्ण करून, स्वतःच्या विनंतीवरून नव्हे, आणि गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेचा ठपका न येता जो सेवेतून मुक्त झाला व ज्याला ग्रॅच्युइटी मिळाली, तोही माजी सैनिकच ठरतो. आपण नेमक्या याच वर्गात येता. मुदतीआधी स्वतःहून सेवा सोडलेल्या आणि पेन्शन न मिळालेल्या व्यक्तीची गोष्ट मात्र वेगळी आहे.

तरीही हे लक्षात घ्यावे की सरकारी सवलतींची पात्रता आणि खासगी संस्थेचे सभासदत्व या दोन स्वतंत्र बाबी आहेत. संस्था नोंदणीकृत असेल, तर सभासद कोणाला करायचे हे तिची नियमावली ठरवते. आपण त्या नियमावलीची प्रत मागून घ्यावी. ‘माजी सैनिक’ एवढाच शब्द तिच्यात असेल, तर पेन्शनची अट ही पदाधिकाऱ्यांच्या सवयीतून आलेली आहे असे समजावे. वैद्यकीय आणि परिचर्या शाखा सोडल्यास सेनादलांत स्त्री अधिकाऱ्यांची भरती 1992 पासून सुरू झाली. बऱ्याच संस्थांच्या नियमावल्या त्याआधी लिहिल्या गेल्या आणि नंतर कोणी उघडून पाहिल्या नाहीत.

प्रश्न : मी एका माजी सैनिक संघटनेचा सचिव आहे. पटावर नावे पुष्कळ आहेत, पण वार्षिक सभेला मोजकेच लोक येतात आणि तेही सत्तरीच्या पुढचे. नव्याने निवृत्त झालेले फिरकत नाहीत. सभासदांच्या मुलांना, शिवाय सामान्य नागरिकांनाही प्रवेश द्यावा असे काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय? आणि अग्निवीरांचे काय करावे? (एक वाचक, वास्को)

उत्तर : दार रुंद केल्याने माणसे येतीलच असे नाही, याचे चांगले उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथील अमेरिकन लीजन या 1919 साली स्थापन झालेल्या संघटनेत ठरावीक युद्धकाळांत सेवा केलेल्यांनाच प्रवेश होता. दोन युद्धांच्या मधल्या वर्षांत गणवेश घातलेला माणूस बाहेरच राहत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर 1946 च्या सुमारास तिचे सभासद 33 लाखांच्या आसपास होते आणि पुढे ते घटत गेले. 30 जुलै 2019 रोजी कायदा बदलून 7 डिसेंबर 1941 पासूनचा सगळा काळ एकच युद्धकाळ मानला गेला, त्यामुळे मधली सगळी माणसे पात्र झाली. तरीही घसरण थांबली नाही. व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या दुसऱ्या संघटनेला परदेशातील युद्धसेवेची अट असल्यामुळे तिच्यापुढची अडचण अधिकच कठीण आहे. कॅनडातील रॉयल कॅनेडियन लीजनने तर सामान्य नागरिकांनाही सभासद करून घेतले, पण 1984 च्या सुमारास सहा लाखांवर असलेली तिची संख्या पुन्हा कधी तेथवर पोहोचली नाही.

आपल्याकडचे कारण पात्रतेपेक्षा वेगळे आहे असे मला वाटते. जवान किंवा नाविक पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतो आणि लगेच दुसरी नोकरी धरतो. मग ती जहाजबांधणीतील असो, बंदरातील असो किंवा बँकेच्या दारावरची असो. दुपारी तीनच्या सभेला तो कसा येणार? पूर्वी पेन्शनच्या कागदांसाठी संघटनेची पायरी चढावी लागे. आता हयातीचा दाखला मोबाईलवरून जातो आणि जुन्या जहाजावरचे सोबती व्हॉट्सॲपवर भेटतात. दाबोळीच्या ‘हंस’ या नौदल तळावर नोकरी करून येथेच स्थायिक झालेल्या परप्रांतीयांना संघटनेत आपलेपणा वाटतो का, हेही विचारून पाहावे. उलट ‘स्पर्श’ या पेन्शन प्रणालीत नाव किंवा जन्मतारीख चुकली, की वृद्ध पेन्शनर आणि विधवा पार गोंधळून जातात. संघटनेने आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवली, तर लोक आपणहून येतील.

मुलांना सहयोगी सभासद जरूर करावे, मात्र मताचा अधिकार सेवा केलेल्यांकडे आणि वीरनारींकडेच असावा. नागरिकांना सरसकट प्रवेश देण्याच्या मी विरोधात आहे. तसे केल्यास ती संस्था चांगली असेल, पण माजी सैनिकांची राहणार नाही. गोव्यातील स्वातंत्र्यसैनिकांच्या संस्थांशी तुलनाही येथे करू नये. 19 डिसेंबर 1961 नंतर तेथे नवा पात्र माणूस निर्माणच होऊ शकत नव्हता. आपल्याकडे तो दरवर्षी निवृत्त होत आहे.

अग्निवीरांबाबत मात्र आताच निर्णय घ्यावा. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आहे आणि जास्तीत जास्त 25 टक्के जणांना कायम केले जाते. बाकीच्यांना सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे मिळतात. पेन्शन, ग्रॅच्युइटी किंवा माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. सरकारची व्याख्या जशीच्या तशी आपल्या नियमावलीत उतरवलेली असेल, तर ही तरुण मुले आपोआप बाहेर राहतील. तेव्हा ‘सेनादलांत सेवा करून सन्मानाने मुक्त झालेली व्यक्ती’ अशी आपली स्वतंत्र व्याख्या करावी.

नियमावलीतील दुरुस्ती तिच्यातच सांगितलेल्या पद्धतीने करावी. संस्थेचे उद्दिष्टच बदलायचे असेल, तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 12 नुसार दोन विशेष सभांत तीन-पंचमांश मते लागतात. त्याच कायद्याच्या कलम 15 नुसार तीन महिन्यांहून अधिक काळ वर्गणी थकवलेला माणूस मत देऊ शकत नाही आणि सभासद म्हणून मोजलाही जात नाही. म्हणून सभेची नोटीस काढण्यापूर्वी वर्गणीची वही तपासावी. पटावरची किती नावे खरोखर सभासदांची आहेत ते तेथे कळेल.